भिंतीचे दुसरे अंग

घराला भिंत कशासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर कोणीही चटकन देईल. ऊन, पाऊस, चोर, जनावर आणि परक्याची नजर यांना अडविण्यासाठी ती असते. पण त्या भिंतीला भोक कशासाठी, असे विचारले की उत्तर देणारा किंचित थबकतो. जी वस्तू अडविण्यासाठी उभी केली तिलाच पुन्हा छेद द्यावयाचा, हा काय प्रकार आहे? आणि तरीही ज्या बांधकामाला असा छेद नाही त्याला आपण घर म्हणत नाही. त्याला पेव म्हणतो, तळघर म्हणतो, कोठडी म्हणतो. मनुष्याला राहावयास भिंत लागते आणि जगावयास भिंतीतले भोक लागते.

भाषेने या भोकाला किती विचारपूर्वक नावे दिली आहेत पाहा. संस्कृतातील वातायन म्हणजे वाऱ्याचा मार्ग, आणि गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. इंग्रजीतला विंडो हा शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा असाच होतो. आपल्याकडे धाब्याच्या घरांत छपराला जे भोक ठेवीत त्याला साणे म्हणत. त्यातून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. एकाच भोकाने देणे आणि घेणे अशी दोन्ही कामे करावयाची, हे त्या साण्याचे वैशिष्ट्य. पुढे मी जे लिहिणार आहे त्याचे बीज या साध्या गोष्टीत आहे.

प्रश्न असा. आपल्या घराच्या बाहेरच्या भिंतीला हवेसाठी, धुरासाठी एक भोक पाडावयाचे आहे. तसे करण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो, आणि तो कोठे संपतो? विषय क्षुल्लक वाटेल. मजसारख्या कारकुनाने सत्य, धर्म, नियती असे मोठे शब्द सोडून विटेच्या भोकावर लिहावे, यात काहींना गंमतही वाटेल. परंतु नीतीचे मोठे सिद्धांत तपासावयाचे ते अशाच ठिकाणी. युद्धात आपण कसे वागू याचा विचार बहुतेकांना आयुष्यात एकदाही करावा लागत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीचा मात्र रोज करावा लागतो.

आधी हे काम कसे होते ते पाहू, कारण नीतीचा विचार करताना वस्तूचा स्वभाव विसरून चालत नाही. आमच्या भिलाईसारख्या गावी घराची बाहेरची भिंत सामान्यतः नऊ इंच जाडीची, विटांची, दोन्ही अंगांनी गिलावा केलेली असते. स्वयंपाकघरातील धूर व वाफ बाहेर टाकावयाची तर सुमारे सहा इंच व्यासाची नळी भिंतीतून आरपार न्यावी लागते. जाणता मिस्त्री प्रथम भिंतीत विजेची तार, पाण्याचा नळ किंवा तुळई नाही ना हे पाहतो, आणि मगच छिन्नीला किंवा यंत्राला हात घालतो. नळी तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरती बसवितो, म्हणजे पावसाचे पाणी आत न येता बाहेर ओघळते. तोंडाशी झडप लावतो, म्हणजे वारा उलटा फिरला तरी धूर घरात परतत नाही. चिमण्यांनी घरटे करू नये आणि उंदरांनी वाट करू नये म्हणून जाळी बसवितो, आणि कडेच्या फटी सिमेंटने बुजवितो. चांगला मिस्त्री असेल तर जाताना हेही सांगतो की जाळीवर तेलकट थर बसतो, तो दोन-तीन महिन्यांनी धुवावा.

येथवर सारे कसबाचे काम झाले. पण या कामात निसर्गाचे दोन नियम आहेत, ते मिस्त्रीलाही मोडता येत नाहीत. पहिला असा, की जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत यावी लागते. सर्व दारेखिडक्या घट्ट लावून पंख्याने धूर बाहेर ढकलू पाहणाऱ्याचा पंखा नुसता घरघरतो. नागपूर, रायपूर, दुर्ग या भागांत उन्हाळा काढलेल्या प्रत्येकाला हे कूलरने शिकविलेले असते. समोरचे दार जरा उघडे ठेवले तर कूलर गारवा देतो. सगळे बंद केले तर तासाभरात अंथरूण ओलसर होते आणि जीव घाबरतो. गरम धूर वर चढतो म्हणून त्याचे भोक वर असावे लागते. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून एक वाट खालीही असावी लागते. बंद न्हाणीघरात गॅसचा बंब लावून माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. तेथे मारेकरी असतो तो बहुधा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. भिंतीतले भोक ही चैनीची वस्तू नव्हे, एवढे यावरून पटावे.

दुसरा नियम असा, की जे बाहेर जाते ते कोठेतरी जाते. हा नियम इतका उघड आहे की तो आपल्या ध्यानातच राहत नाही. आपण म्हणतो, धूर बाहेर गेला. बाहेर म्हणजे कोठे? आपल्या मनात बाहेर म्हणून एक रिकामी, निर्मनुष्य, अनंत जागा असते, आणि तिच्यात टाकलेली वस्तू नाहीशी होते असे आपण धरून चालतो. वास्तविक गावात अशी जागा नसते. माझ्या भिंतीच्या बाहेर जे आहे ते कोणाच्या तरी भिंतीच्या आत जाण्याच्या वाटेवर असते. माझे बाहेर हे दुसऱ्याचे आत आहे.

आमच्या वस्तीत घडलेली एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. दोन ओळींतील घरांची पाठ एकमेकींकडे, आणि मधे आठेक फुटांची गल्ली. एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराची हवा फार कोंडत असे, म्हणून त्यांनी मागच्या भिंतीतून धुराची नळी काढण्याची परवानगी मागावयाचे ठरविले. कारकून म्हणून अर्ज लिहून देण्याचे काम मजकडे आले. मी लिहिले, की धूर बाहेर जाण्यास मार्ग नाही, गृहिणीस खोकल्याचा त्रास आहे, तरी परवानगी मिळावी. दोन दिवसांनी समोरच्या ओळीतील एक गृहस्थ आले. त्यांचे वृद्ध वडील दम्याचे दुखणाईत, आणि त्यांची खाट नेमकी त्या गल्लीकडच्या खोलीत. त्यांनाही अर्जच हवा होता. मी लिहिले, की सदर नळीमुळे फोडणीचा खकाणा रुग्णाच्या खोलीत येणार आहे, तरी परवानगी देऊ नये. दोन्ही अर्ज खरे होते. दोहोंत धूर तोच होता. एकात तो बाहेर जात होता आणि दुसऱ्यात आत येत होता, एवढाच काय तो फरक.

यात न्याय कोणाच्या बाजूला? प्रथम कायद्याला विचारून पाहू. हा वाद नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, धर्मस्थीय नावाच्या तिसऱ्या अधिकरणात, वास्तूविषयी एक प्रकरण आहे. दुसऱ्याच्या घराला बाधा होईल असे समोरासमोर दार किंवा खिडकी ठेवणाऱ्याला तेथे दंड सांगितला आहे. मधे राजमार्ग किंवा रस्ता असेल तर मात्र हरकत नाही. उजेडासाठी खिडकी हवी तर ती लहान आणि उंचावर करावी, असेही त्यात आहे. इंग्लंडात १६१० साली आल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने आपल्या घराला लागून डुकरांचा गोठा बांधणाऱ्या शेजाऱ्यावर फिर्याद केली आणि ती जिंकली. त्या निकालात एक मार्मिक भेद केला आहे. खिडकीतून दिसणारा देखावा हा केवळ आनंदाचा विषय, त्याच्यासाठी दाद मागता येत नाही. उजेड आणि निरोगी हवा यांची मात्र गरज आहे, म्हणून त्यांच्यासाठी मागता येते.

आपल्याकडे १८८२ साली सुखाधिकारांचा कायदा झाला. तो आरंभी ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता. म्हणजे आमची भिलाई ज्या मुलखात आज आहे तो छत्तीसगड आणि आपले नागपूर-वऱ्हाडाकडील जिल्हे यांपैकी नागपूरकडचा भाग, हे दोन्ही पहिल्याच दिवसापासून त्याच्या कक्षेत आले. आपल्या जमिनीवरून वाहणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा मालकाचा हक्क त्या कायद्याने दाखल्यासह मान्य केला आहे. घराच्या भोकांकडे येणारी हवा अडविली आणि राहणाऱ्याच्या शारीरिक सुखाला लक्षणीय बाध आला, तर प्रकृती बिघडली नसली तरीही ती हानी मोठी समजावी, असे त्यात म्हटले आहे. शेजाऱ्याच्या खाजगीपणाला बाध येईल अशी नवी खिडकी उघडू नये, ही एखाद्या गावची रूढीही तो कायदा मानतो.

हे सर्व वाचून समाधान वाटते, पण ते फार टिकत नाही. कारण या कायद्याला मालक आणि मुदत या दोन गोष्टी हव्या असतात. हवेचा व उजेडाचा सुखाधिकार उपभोगाने मिळावयाचा तर तो शांतपणे, अखंड २० वर्षे भोगलेला असावा लागतो. सरकारी मालमत्तेवर तो सांगावयाचा तर ३० वर्षे लागतात. आपल्यासारख्या बदलीच्या मनुष्याला एका घरात २० वर्षे कोठून मिळणार? तीन वर्षे झाली की ट्रंका बाहेर निघतात. आमच्या वस्तीतील ते वृद्ध आणि ती गृहिणी, दोघेही त्या घरांचे मालक नव्हते. घर दुसऱ्याचे आणि श्वास मात्र स्वतःचा, अशी आपली स्थिती आहे. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथून नीतीचे काम सुरू होते.

येथे कोणी म्हणेल, की मग उत्तर सरळ आहे: ज्याने धूर केला त्याने तो आपल्यापाशी ठेवावा, दुसऱ्याला त्रास देऊ नये. हे ऐकावयास उदात्त आहे. पण आपल्यापाशी म्हणजे कोणापाशी, हे विचारले पाहिजे. शतकानुशतके आपल्या समाजाने नेमके हेच केले. स्वयंपाकघर घराच्या आतल्या, अंधाऱ्या अंगाला ठेवले, चुलीचा धूर शेजाऱ्याकडे जाऊ दिला नाही, ओटीवरच्या पाहुण्याकडेही जाऊ दिला नाही. तो धूर नाहीसा झाला नव्हता. तो घरातील बायका गिळीत होत्या. त्यांच्या लाल डोळ्यांना आपण वयाचे नाव दिले आणि खोकल्याला प्रकृतीचे. ज्या घरातून धूर बाहेर दिसत नाही ते घर निरपराध असे मानणे म्हणजे अपराधाची जागा फक्त बदलणे होय.

या धुराकडे लक्ष वेधणारी माणसे आपल्या देशात निपजली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी नळीवाटे धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार केली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधी गरिबांची स्वयंपाकघरे धूरमुक्त कशी करता येतील यावर पुस्तिका लिहिली. १९८३ साली कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रिया किती धूर श्वासावाटे घेतात याची मोजणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१६ साली गरीब घरांतील स्त्रियांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. या सर्वांच्या कामाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे, की घरातला धूर ही घराची खाजगी बाब नाही.

तेव्हा प्रश्नाचे रूप बदलते. धूर बाहेर टाकावा की टाकू नये, हा प्रश्न उरत नाही. जगणारा मनुष्य काही ना काही बाहेर टाकणारच. लाइब्निट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१४ साली विश्वाची जी मूलघटके कल्पिली त्यांना खिडक्या नाहीत. त्यांत काही शिरत नाही व त्यांतून काही निघत नाही. कल्पना भव्य आहे, पण तिच्यात स्वयंपाक होत नाही. देहधारी मनुष्य दिवसाकाठी सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो आणि तितकीच बदलून बाहेर सोडतो. तो स्वतःच एक चालते वातायन आहे. निष्कलंक राहण्याचा एकच उपाय त्याच्यापाशी आहे, आणि तो म्हणजे श्वास थांबविणे. म्हणून खरा प्रश्न असा आहे: जे बाहेर जाणारच, ते कोणाकडे जावे, किती विरळ होऊन जावे, आणि ज्याच्याकडे जाते त्याला आपण विचारले होते का?

भिलाईत राहणाऱ्याला हा प्रश्न फार मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि हजारो माणसांचे श्रम यांतून येथे जे पोलाद होते त्याचे रूळ देशभर पसरले आहेत. सुटीत आपण ज्या गाडीने नागपूर-पुण्याकडे जातो तिची चाके बहुधा त्या रुळांवरूनही धावत असतात. म्हणजे भिलाईच्या धुराड्यांचा धूर हा केवळ भिलाईचा नव्हे. त्यात गावाकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा लहानसा वाटा आहे. उंच धुराडे जे करते ते तत्त्वतः आपल्या सहा इंची नळीसारखेच असते. धूर उंचावर नेऊन ते तो विरळ करते आणि दूर पाठविते. उंचीने धूर पातळ होतो, नष्ट होत नाही. जवळच्या थोड्यांना पुष्कळ देण्याऐवजी दूरच्या पुष्कळांना थोडे द्यावयाचे, हा त्या उंचीचा अर्थ. आणि आतली वाट बिघडली म्हणजे काय होते तेही या गावाने पाहिले आहे. १२ जून २०१४ रोजी येथील कारखान्यात विषारी वायू पसरून सहाजण मृत्युमुखी पडले. तो वायूही तोच, रंग नसलेला आणि वास नसलेला.

यावरून एक आक्षेप निघतो आणि तो मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. जेथे एवढी धुराडी उभी आहेत तेथे एका स्वयंपाकघराच्या धुराचा बाऊ कशाला? युक्तिवाद आकर्षक आहे, पण फसवा आहे. मोठ्या अपायाच्या शेजारी लहान अपाय ठेवला म्हणजे तो गणिताने लहान दिसतो. सोसणाऱ्याला तो तसा लागत नाही. त्या दमेकऱ्याच्या छातीत गावाची सरासरी हवा जात नव्हती. तिच्यात समोरच्या कढईतील मिरचीचा खकाणा जाणार होता, आणि तो सकाळी अकराच्या सुमारास, रोज. शिवाय धुराड्याविषयी मी एकटा फारसे काही करू शकत नाही, नळीविषयी मात्र करू शकतो. जेथे आपला हात पोहोचतो तेथेच आपले कर्तव्य आधी लागते.

त्या दोन अर्जांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. ज्यांच्या अखत्यारीत ती घरे होती त्यांनी अशी परवानगी दिली, की नळी बसवावी, मात्र इतरांना उपद्रव होऊ नये आणि घर सोडताना भिंत पूर्ववत करून द्यावी. उपद्रव होऊ नये हे तीन शब्द लिहिणे सोपे, अमलात आणणे कठीण. शेवटी दोन्ही बिऱ्हाडांतील मंडळी एका रविवारी गल्लीत उभी राहिली, आणि मिस्त्रीने सुचविले की नळीला भिंतीबाहेर कोपर देऊन ती सरळ गच्चीच्या कठड्याच्या वर न्यावी. खर्च वाढला. तो कोणी करावयाचा यावर आणखी आठवडा गेला. नळीचे पैसे एकांनी दिले, पट्ट्यांचे आणि शिडीचे दुसऱ्यांनी. धूर आजही निघतो; तो दोघांच्या डोक्यांवरून जातो. तो पुढे कोणाकडे जातो हा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण ज्याला सर्वांत अधिक लागणार होता त्याला तो लागत नाही, आणि जिला कोंडत होता तिला कोंडत नाही. मनुष्याच्या व्यवहारात न्याय पुष्कळदा एवढ्याच उंचीचा असतो.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते कोपर नव्हे, तर दोघांचे गल्लीत उभे राहणे. जोपर्यंत प्रत्येकजण आपापल्या खोलीतून अर्ज लिहून घेत होता तोपर्यंत भिंतीला एकच अंग होते. गल्लीत आल्यावर दोन्ही अंगे एकदम दिसली. कौटिल्याने वास्तूविषयीचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोपविले आहेत. आणि खिडक्यांचे नियम सांगून झाल्यावर तो म्हणतो, की घरमालकांनी एकत्र येऊन संमतीने हवे तसे करावे आणि नको ते टाळावे. दंडाचे एवढे बारकावे सांगणाऱ्या त्या कठोर ग्रंथकाराने संमतीला नियमाच्या वर जागा ठेवावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आपल्यासारख्या, गाव सोडून नोकरीसाठी परमुलखात राहणाऱ्यांचा एक खास प्रश्न उरतो. भोक पाडावयाचे ते कोणासाठी? दोन-तीन वर्षांनी बदली होणार. मग या सरकारी भिंतीत पैसा आणि जीव कशाला घालावयाचा? “दोन वर्षांसाठी कशाला?” हे वाक्य आपल्या जमातीत इतके रूढ आहे की त्यामुळे कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या अंधारी आणि कोंदट राहिली आहेत. पहिला रहिवासी म्हणाला, दोन वर्षांसाठी कशाला; दुसरा तेच म्हणाला; असे दहा रहिवासी होऊन गेले आणि वीस वर्षे झाली. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता, आणि सर्वांचा मिळून चुकला.

बदलीच्या माणसांचे मी तीन प्रकार पाहिले आहेत. एक घराला धर्मशाळा समजतो. तो भिंतीला खिळाही ठोकीत नाही, आणि ही अलिप्तता आपल्याला वैराग्य म्हणून मिरविता येते असे त्याला वाटते. दुसरा घराला जहागीर समजतो. तो न विचारता भिंती फोडतो, आणि जाताना नळी, जाळी, झडप सगळे उपटून नेतो. मागे एक उघडे भोक राहते, त्यातून पहिल्या पावसात पाणी येते. तिसरा विचारतो, करतो, आणि जाताना ठेवून जातो. नळी नको असेल तर तिच्या तोंडावर नीट झाकण बसवून जातो. पुढे येणाऱ्याचे नाव त्याला माहीत नसते. तो बंगाली असेल, ओडिया असेल, छत्तीसगडी असेल. त्याच्याकडून आभाराचे पत्र येण्याचा संभव नाही. तरीही त्याच्या श्वासाची व्यवस्था करून जाणे, यात मला कर्मयोगाचा फार साधा आणि फार खरा अर्थ दिसतो. शेजारी जसा गल्लीपलीकडे असतो तसा तो काळापलीकडेही असतो, आणि भिंतीला ते अंगही आहे.

हाच विचार आपल्या मंडळांना आणि मेळाव्यांनाही लागू करून पाहावा. १९२१ साली गांधीजींनी घराच्या भिंतींचे आणि खिडक्यांचे एक रूपक वापरले होते. साऱ्या देशांच्या संस्कृतींचे वारे आपल्या घरात मोकळेपणाने यावेत, पण त्यांनी आपले पाय उखडू नयेत, असा त्याचा भाव. त्या रूपकात वारे बाहेरून आत येतात. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने त्याचा दुसरा अर्धही पाहावा, की आपल्या घरातून बाहेर काय जाते. गणेशोत्सवाचा कर्णा रात्री अकराला कोणाच्या खिडकीत शिरतो? येथील भाषेची आणि माणसांची आपण दिवाणखान्यात केलेली चेष्टा दारातून कोणाच्या कानी पडते? आणि उलट, आपल्या ग्रंथालयातील, नाटकातील, पंगतीतील काही चांगले शेजारच्या छत्तीसगडी घरापर्यंत कधी पोहोचते का? नुसते आत घेणारे घर आणि नुसते बाहेर टाकणारे घर, दोन्ही सारखीच कोंदट होतात. कूलरचा नियम येथेही चुकत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. भिंत मालकाची असते, घर राहणाऱ्याचे असते, पण हवा कोणाचीच नसते. रोमन धर्मशास्त्राने सहाव्या शतकात ती समुद्राबरोबर आणि वाहत्या पाण्याबरोबर सर्वांच्या सामाईक वस्तूंत घातली आहे. एकट्याच्या भिंतीला भोक पाडून आपण सामाईक वस्तूशी व्यवहार करू लागतो, आणि सामाईक वस्तूशी व्यवहार एकट्याच्या मर्जीने होत नाही. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून अंधारात राहणे पत्करले. आपल्या भोकांवर सरकार कर घेत नाही. जो काही कर आहे तो आपण आपल्यावर बसवावयाचा आहे, आणि तो फार नाही. भिंतीवर खडूने वर्तुळ काढण्यापूर्वी मागच्या दाराने बाहेर पडावे, वळसा घालून पलीकडे जावे, आणि ते भोक जेथे उघडणार तेथे तोंड करून घटकाभर उभे राहावे. तेथे कोणाची खिडकी आहे, कोणाची खाट आहे, हे पाहावे; कोणी असेल तर त्याच्याशी बोलावे. मग परत येऊन मिस्त्रीला खुशाल सांगावे, की लाव छिन्नी.